चिपकाडेल चित्र

अमळनेर तालुक्यातल्या एका चित्रकला शिक्षिकेने विचारलंय: “मुलांनी ‘आपलं गाव’ या विषयावर कोलाज (तुकडे चिकटवून बनवलेली चित्रं) केले. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, जुन्या पंचांगाची पानं, गाडीची तिकिटं, केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा. मुलं त्याला ‘चिपकाडेल चित्र’ म्हणतात. सुधारून ‘चिकटचित्र’ म्हणायला लावू का? आणि तो कोलाज की ते कोलाज?”

शेवटचं आधी. मी ‘तो कोलाज’ म्हणतो. ‘ते’ही सर्रास ऐकू येतं. त्यावरून गुण कापू नका.

‘कोलाज’ आला फ्रेंचमधून; तिथे ‘कोले’ म्हणजे चिकटवणे. नाव पडलं ते खळीवरून, पण खरी करामत तुकड्याची. १९१२ साली चित्रकार पिकासोने खुर्चीच्या वेताची जाळी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं. त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद वापरला. वेत रंगवत बसण्याऐवजी बाजारातला छापील वेतच उचलून आणला! असा तुकडा चित्रात आला तरी आपलं गाव विसरत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका मुलीने पाकिटावरच्या टपोऱ्या बोंडाशेजारी पंचांगातलं मृगाचं पान लावलंय आणि खाली सुरतेच्या गाडीचं तिकीट. तिने हेच रंगवलं असतं तर नुसतं एक शेत झालं असतं. बोंड, पाऊस आणि सुरत यांचा एकमेकांशी काय संबंध, हे तिला कात्री चालवताना उमगलं असावं.

‘गोधडीचित्र’ असाही पर्याय कोणीतरी सुचवतंच. मला तो पटत नाही. गोधडीत आजीचं लुगडं उबेपुरतं उरतं, आणि ठिगळ असतं भोक झाकायला. इथे काहीच झाकायचं नाहीये.

राहिलं ‘चिपकाडेल’. ते चूक नाहीच. मुलांच्या अहिराणी बोलीत ‘करायला लावण्या’साठी ‘-आड’ येतो: दखाडनं म्हणजे दाखवणं. गुजरातीतलं ‘देखाडवुं’ त्याचंच भावंड. आणि ‘-एल’ म्हणजे आपलं ‘-लेलं’: करेल म्हणजे केलेलं, लिखेल म्हणजे लिहिलेलं. म्हणजे चिपकाडेल हे सरळ ‘चिकटवलेलं’. उलट ‘चिकटचित्र’ म्हटलं की चित्रच चिकट असल्यासारखं वाटतं, मला तर हात धुवावेसे वाटतात! ‘चिपकाडेल’मध्ये निदान चिकटवणारा माणूस ऐकू येतो.

परीक्षेच्या कागदावर ‘कोलाज’ लिहू द्या. फळ्यावर मात्र दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहा, आणि ‘-एल’ची आणखी दहा रूपं मुलांकडूनच काढून घ्या.