समेट झाला, पण खटला मिटला का?

प्रश्न : आम्ही दोघे डॉक्टर सोलापुरात भागीदारीत रुग्णालय चालवत होतो. हिशेबावरून केबिनमध्येच हाणामारी झाली, सलाइनचा स्टँड डोक्याला लागला आणि दोघांनीही एकमेकांविरुद्ध फिर्याद दिली. भारतीय न्याय संहितेची कलमे 115(2), 118(1) आणि 352 लागली आहेत. आता वरिष्ठ सहकाऱ्यांच्या मध्यस्थीने समेट झाला आहे. पोलिस ठाण्यात अर्ज देऊन गुन्हे मागे घेता येतील का?

उत्तर : नाही. गुन्हा नोंदवला गेला की खटला सरकारचा होतो. तो मागे घेणे फिर्यादीच्या हातात राहत नाही, ठाणेदाराच्याही नाही.

पहिल्यांदा कलमे तपासा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये, तडजोडयोग्य म्हणजे समेटाने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांचे दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातले गुन्हे ज्याला त्रास झाला तो स्वतः मिटवू शकतो, दुसऱ्यातल्यांसाठी न्यायालयाची परवानगी लागते. साधी दुखापत (115(2)) आणि अपमान (352) पहिल्या तक्त्यात आहेत. घातक वस्तूने दुखापत, म्हणजे 118(1), मात्र कोणत्याच तक्त्यात नाही. सलाइनच्या स्टँडमुळे लागलेल्या या एका कलमापुढे दंडाधिकाऱ्यांचा इलाज चालत नाही आणि तुम्हाला याच संहितेच्या कलम 528 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 482) उच्च न्यायालयात जावे लागते. ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (खंडपीठाकडे) आहे, त्यामुळे मुंबईची खेप वाचेल.

तडजोडयोग्य नसलेला गुन्हाही उच्च न्यायालय रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ज्ञानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्पष्ट केले. वाद मुख्यतः खासगी स्वरूपाचा आणि शिक्षा होण्याची शक्यता धूसर असेल, तर खटला रेटण्यात अर्थ नाही, असा त्यामागचा विचार. 2014 च्या नरिंदरसिंग निकालात समेट कोणत्या टप्प्यावर झाला यालाही महत्त्व दिले आहे. तपास सुरू असताना किंवा नुकतेच दोषारोपपत्र गेलेले असताना आलात तर न्यायालय उदार असते. साक्षीपुरावा संपत आल्यावर आलात तर हात आखडतो. तेव्हा रेंगाळू नका.

दोन गुन्हे आहेत म्हणून अर्जही दोन करा आणि दोन्ही एकाच दिवशी बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) येतील असे पाहा. एक रद्द झाला आणि दुसरा लटकला, तर समेट तिथेच फाटतो. प्रत्येक अर्जात सरकार आणि फिर्यादी हे प्रतिवादी असतील. सोबत एफआयआरची प्रत, दोषारोपपत्र असल्यास तेही, तडजोडपत्र, फिर्यादीचे ‘हरकत नाही’ असे प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्र जोडा. भांडणात कंपाउंडरलाही लागले असेल आणि तो जखमी म्हणून नोंदला असेल, तर त्याचेही प्रतिज्ञापत्र घ्या. बहुतेक अर्ज इथेच अडकतात: फिर्यादी तयार असतो, दुसऱ्या जखमीला कुणी विचारलेलेच नसते.

प्रतिज्ञापत्रात ‘असे काही घडलेच नाही, गैरसमजातून फिर्याद दिली’ असे वाक्य घालण्याचा मोह होतो. ते अजिबात लिहू नका. खोटी फिर्याद दिल्याची कबुली स्वतःच्या सहीने देऊन बसाल. ‘वाद आपसांत मिटला आहे, माझ्यावर दबाव नाही, गुन्हा रद्द करण्यास हरकत नाही’ एवढे पुरे. सुनावणीला स्वतः हजर राहा. संमती खरी आहे का, हे न्यायमूर्ती थेट विचारू शकतात. पोलिसांचा वेळ घेतल्याबद्दल एखाद्या संस्थेला किंवा निधीला ठरावीक रक्कम देण्याची अटही घातली जाते. पावती मुदतीत दाखल करा, नाहीतर हाती आलेला आदेश अडचणीत येतो.

प्रश्न : मी आर्किटेक्ट आहे. एका सहव्यावसायिकाने शंभरेक लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला ‘नकाशे चोरणारा’ म्हटले. मी बदनामीचा खासगी खटला भरला. आता तो ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे’ असे लिहून द्यायला तयार आहे. घ्यावे का?

उत्तर : तसे घेऊ नका. त्या वाक्यात चूक कोणती हे नाही आणि ती कुणाची हेही नाही. माफीनाम्यात चार गोष्टी हव्यात: मूळ विधान शब्दशः आणि तारखेसह, ते निराधार असल्याची कबुली, ते बिनशर्त मागे घेतल्याचे शब्द आणि पुन्हा तसे न करण्याची हमी. उदाहरणार्थ : ‘अमुक तारखेला अमुक ग्रुपवर मी श्री. अमुक यांना नकाशे चोरणारा म्हटले. या आरोपाला कोणताही आधार नव्हता. मी तो बिनशर्त मागे घेतो आणि त्यांची माफी मागतो.’ माफी त्याच ग्रुपवर गेली पाहिजे. जिथे बदनामी झाली तिथेच ती पुसली जाते, बंद पाकिटातल्या कागदाने नाही.

समोरच्यालाही धास्ती असते की माफी लिहून दिली आणि खटला मिटलाच नाही, तर तोच कागद आपल्याविरुद्ध वापरला जाईल. ती रास्त आहे. म्हणून मसुदा आधी दोन्ही वकिलांनी पक्का करावा, सह्या न्यायालयात एकाच वेळी व्हाव्यात आणि ग्रुपवरची माफी त्याच दिवशी टाकावी. बदनामी (न्याय संहितेचे 356(2), जुन्या दंड संहितेचे 500) पहिल्या तक्त्यात असल्याने तुमची आणि त्याची सही असलेला तडजोडीचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे पुरतो. त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो आणि त्याच प्रकरणात पुन्हा खटला भरता येत नाही. म्हणून माफीचा मजकूर समाधानकारक होईपर्यंत सही देऊ नका.

जावेद अख्तर आणि कंगना राणावत यांचा 2020 पासूनचा वाद 28 फेब्रुवारी 2025 ला मुंबईत मध्यस्थीतून असाच मिटला. कंगनांनी विधाने मागे घेऊन माफी मागितली आणि दोघांनीही एकमेकांविरुद्धच्या तक्रारी मागे घेतल्या.

प्रश्न : दोन वकिलांमधला फौजदारी खटला मिटला, तर बार कौन्सिलकडची (वकिलांच्या नियामक संस्थेकडची) तक्रारही संपते का?

उत्तर : आपोआप नाही. तक्रारदाराने माघार घेतली किंवा समेट झाला एवढ्याच कारणावरून शिस्तभंगाची चौकशी सोडून देऊ नये, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. सनदी लेखापालांच्या संस्थेतही तक्रार मागे घ्यायला परवानगी लागते. न्यायालयाच्या आदेशाची नक्कल जोडून तिथे वेगळा अर्ज द्या.

प्रश्न : भागीदाराने गुन्हा मागे घेण्यासाठी 25 लाख मागितले आहेत. करारात तसे लिहावे का?

उत्तर : ‘इतके पैसे द्या, खटला सोडतो’ हे तडजोडयोग्य नसलेल्या गुन्ह्याबाबत लिहिले, तर कराराच्या कायद्याच्या कलम 23 खाली तो भाग रद्दबातल ठरू शकतो. भागीदारीचा हिशेब, यंत्रसामग्री, अनामत असे दिवाणी देणे खरोखर असेल तर ते वेगळे मोजून लिहा. पैसे हप्त्यांनी असतील तर शेवटचा डिमांड ड्राफ्ट आदेशाच्या दिवशी न्यायालयात द्यावा. आधी सगळे दिले आणि समोरचा आलाच नाही, ही तक्रार नेहमीची आहे.

प्रश्न : कनिष्ठ सहकारी महिलेच्या विनयभंगाची तक्रारही अशीच मिटवता येईल का? संस्था तिच्यावर समेटासाठी दबाव आणते आहे.

उत्तर : विनयभंग तडजोडयोग्य नाही आणि दबावाखालची संमती ही संमतीच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिक्षकाने विद्यार्थिनीवर केलेल्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा समेटावरून रद्द करणारा राजस्थान उच्च न्यायालयाचा आदेश फिरवला. असा गुन्हा खासगी नसतो, तो समाजाचाही असतो. तिने कुठेही सही करू नये. दबावाचे मेसेज जपून ठेवावेत आणि ते तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावे.