फॉर्म भरण्याआधी तारखा विचार

एडीआर सेंटरला, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या केंद्रात, नवीनच लागली आहेस, म्हणून आधी हे सांगते: त्रास औषधानेच झाला हे सिद्ध होण्याची वाट बघू नकोस. संशय पुरेसा असतो. पेशंटची आद्याक्षरं, काय झालं, संशय कुठल्या औषधावर आणि कळवणारा कोण, एवढं असलं की रिपोर्ट ग्राह्य धरतात. पण तेवढ्यावर थांबलीस तर पुढे अभ्यासणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही.

खरी मेहनत तारखांत आहे. समज, फिटसाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्या बाईंच्या अंगावर पुरळ उठलं. गोळी कधी सुरू झाली? पुरळ कितव्या दिवशी? बंद केल्यावर उतरलं का? स्ट्रिप मागून घे, बॅच नंबर उतरव. मेडिकलमधून परस्पर काही आणलं का, काढा-चूर्ण चालू आहे का, तेही विचार. पहिलं उत्तर बहुतेक वेळा "दुसरं काही नाही" असंच येतं. पुन्हा विचार, न रागावता. आणि तोंडात, ओठांवर फोड दिसले तर फॉर्म राहू दे, आधी डॉक्टरांना गाठ. तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे त्वचा सोलवटणारी गंभीर प्रतिक्रिया, असू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

औषध बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांत माणसं मोजकी असतात, दहा हजारांत एखाद्याला होणारा त्रास तिथे दिसेलच असं नाही. म्हणून आपले रिपोर्ट गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्रात आणि तिथून स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक डेटाबेसमध्ये जातात.

पेशंटला स्वतःलाही 1800-180-3024 वर कळवता येतं. डिस्चार्जच्या कागदावर हा नंबर लिहून देत जा.