मंडळाच्या वेबसाइटवर मराठीऐवजी चौकोन आणि येन-युरोची चिन्हं दिसतात, रुपयाचं चिन्हही येत नाही. कोणता ब्राउझर वापरू?

ब्राउझर बदलून काहीही होणार नाही. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, सगळ्यांना देवनागरी कधीची नीट येते. घोळ मजकूर साठवताना होतो आणि खापर ब्राउझरवर फुटतं. हे मी नौपाड्यातल्या आमच्या भावजींना इतक्यांदा ऐकवलंय की तुमचा प्रश्न दिसताच हात शिवशिवले.

आधी तुमचं काम. चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. येन-युरो म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी यादी, आणि यूटीएफ-८ ही ते क्रमांक साठवायची रीत), पण ब्राउझर तो विंडोज-१२५२ ही युरोपीय भाषांची जुनी रीत समजून वाचतोय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, म्हणजे साठवणुकीचे तीन खण, घेतं. 'मराठी'तल्या शेवटच्या वेलांटीचे तीन बाइट सुटेसुटे वाचले की डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मग येन, मग युरो. (मराठीच्या पोटात येन आणि युरो निघतात, रुपया तेवढा नाही.) पानाच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ (<meta charset="utf-8">) लिहा. पानासोबत सर्व्हर जी सूचना धाडतो ती, म्हणजे हेडर, वेगळं सांगत असेल तर त्याचंच चालतं, तेही बघून घ्या. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर गेला, मूळ प्रतीवरून पुन्हा टाका.

आता भावजी. त्यांचं डीटीपीचं दुकान, मंडळाच्या स्मरणिका वर्षानुवर्षं तेच लावायचे. जुने अंक वेबसाइटवर टाकायचं ठरलं तेव्हा त्यांनी पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधला मजकूर जसाच्या तसा उचलून पानात चिकटवला आणि फॉन्टचं नाव दिलं. त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट होता, त्यामुळे तिथे झकास मराठी. सेक्रेटरींच्या मोबाइलवर मात्र 'अध्यक्षांचे मनोगत'च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची भेळ. भावजी शांतपणे म्हणाले, "मोबाइल हलका आहे त्यांचा."

त्या जुन्या फॉन्टांत मराठी नसतेच हो! इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: अर्धा क, काना, रफार. तेही प्रत्येक कंपनीचे वेगळ्या जागी. फॉन्ट काढला की खाली नुसती इंग्रजी अक्षरं. त्यात कोणी 'वर्तकनगर' शोधलं तर सापडणार कसं? भावजींचं उत्तर ठरलेलं: "दिसतंय ना? मग मराठीच आहे." आमचा वाद एवढाच आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

शेवटी सगळे अंक मी जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढले. कन्व्हर्टरनं बाकी बरं केलं, पण 'ऱ्य' खाल्ला. 'पुढाऱ्यांचे'चं 'पुढार्यांचे', 'कोपऱ्यावर'चं 'कोपर्यावर'. एकेक शब्द हातानं नीट केला. तरी भाऊबीजेच्या पंगतीत भावजींनी जाहीर केलं की युनिकोडला मराठी कळत नाही.

भावजी, वाचत असाल तर ऐका. ऱ युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून आहे, १९९१ पासून, क्रमांक ०९३१. त्यापुढे हलन्त आणि य दिला की झालं. काही कीबोर्ड त्याऐवजी साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी शब्द वेगळे, म्हणून एका पद्धतीनं लिहिलेलं दुसरीनं शोधलं तर बऱ्याचदा हाती लागत नाही. सगळ्या साइटवर एकच पद्धत ठेवा. मी पहिलीच ठेवतो.

रुपयाचं चिन्ह सरकारनं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच ऑक्टोबरात ते युनिकोड ६.० मध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते कुठून असणार? मधल्या काळात कीबोर्डवरच्या उलट्या टिचकीच्या (`) जागी रुपया बसवलेले फॉन्ट फिरत होते. भावजींनी जाहिरातींचे दर त्यातच लावले होते, त्यामुळे वेबसाइटवर प्रत्येक रकमेआधी एक टिचकी. तुमच्याकडेही तेच झालं असेल तर ती शोधून खरं चिन्ह टाका.

युनिकोडवाले धुतल्या तांदळाचे नाहीत, हेही सांगतो. 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला, तोवर जोडाजोड चालली होती. आणि छपाईपुरतं भावजींचं थोडं खरं आहे. पेजमेकरला युनिकोड येतच नव्हतं, जुन्या कोरल ड्रॉमध्ये जोडाक्षरं तुटायची, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडली नाही तर पहिली वेलांटी भलतीकडे जाते. फ्लेक्स छापायला जुना फॉन्ट वापरा खुशाल, पण वेबसाइटवर नको.

राहिलं एक. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्यात नुसतं 'यूटीएफ८' न निवडता 'यूटीएफ८एमबी४' निवडा. पहिलं ३ बाइटवर थांबतं. देवनागरी त्यात बसते, पण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी ४ बाइट मागते आणि बहुतेक इमोजीही. नाहीतर कोणीतरी शुभेच्छांच्या मध्येच फुलं टाकेल आणि त्यापुढचा मजकूर कापला जाईल किंवा अख्खा मजकूरच साठवला जाणार नाही.