उमेदवार व्हिडिओ गेम खेळतो, हे नोकरी देताना पाहावे का?

आपण विचारले आहे की, कृषी सेवा केंद्रासाठी माणूस निवडताना एका उमेदवाराने अर्जात छंद म्हणून ‘मोबाईल गेम’ लिहिले, त्यावरून आपले भागीदार त्याला नाकारायचे म्हणतात आणि आपला पुतण्या म्हणतो की अशीच मुले चपळ असतात. तर कोणाचे ऐकावे. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहतो. गोदामावर, तूर-सोयाबीनच्या काट्यावर आणि फवारणीच्या ड्रोनवर मिळून वीस-बावीस मुलामुलींची निवड माझ्या हातून झाली आहे. माझे मत असे आहे की गेम खेळण्याचे गुण देऊ नयेत आणि कापूही नयेत. ज्या कामासाठी माणूस हवा, तेच काम त्याच्याकडून तासभर करून घ्यावे.

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठरवण्याची रीत आहे. जुने शेतकरी त्या वेळी माणसाच्या हाती बैलजोडी देत आणि डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण काढायचे औत, धरून दोन ओळी काढायला लावत. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवणारा गडी धीट असतो, त्याचा बैलांवर हातही बसलेला असतो, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसे. पण गुडघाभर कपाशीतून एकही झाड न मोडता डवरा काढणे हे वेगळे काम आहे आणि ते वावरातच कळते, हेही सगळ्यांना ठाऊक होते. व्हिडिओ गेमचा प्रश्न मला याच जातीचा वाटतो.

मागच्या खरिपात आम्हाला ड्रोन चालवायला एक जण हवा होता. चौघे आले आणि चौघांकडेही डीजीसीए या केंद्राच्या नागरी विमान वाहतूक नियामकाची मान्यता असलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेऊन मिळवलेले रिमोट पायलट प्रमाणपत्र होते, म्हणजे कागदावर सारे सारखेच. टाकीत औषधाऐवजी दहा लिटर साधे पाणी भरून प्रत्येकाला एक एकर फवारायला सांगितले आणि शेवटच्या फेऱ्या, नकाशावर आपोआप न सोडता, हाताने उडवायला लावल्या. त्यांतला एक मुलगा कित्येक वर्षे बीजीएमआय आणि त्याआधी पबजी हे मोबाईलवरचे नेमबाजीचे गेम खेळत आलेला होता. ड्रोनचे तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते आणि नवखा माणूस नेमका तिथे गडबडतो. या मुलाचा अंगठा एकदाही अडखळला नाही. तेवढ्यात वारा उठला. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीची पाने उलटून पांढरी दिसू लागली आणि फवाऱ्याचे तुषार पलीकडच्या वावरात निंदण करणाऱ्या बायांच्या दिशेने वाहू लागले. मुलाची नजर हातातल्या पडद्यावर होती आणि त्याने राहिलेली फेरी पूर्ण केली. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “थोडंच राह्यलं होतं, सर.”

त्याच्यानंतर आलेल्या मुलीने आयुष्यात एकही गेम खेळलेला नव्हता. तिचा हात संथ होता, एका वळणावर ती चुकलीही. परंतु वारा फिरताच तिने फेरी अर्ध्यावर सोडून ड्रोन खाली घेतला, धुऱ्याने चालत जाऊन बायांना बाजूला व्हायला सांगितले आणि वारा पडेपर्यंत ती थांबून राहिली. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्याने ते दिवस पाहिले आहेत, त्याला या दोघांपैकी कोणाला घ्यायचे याचा फार विचार करावा लागत नाही. तरीही त्या मुलाने गेममुळे तसे केले, असे मी म्हणणार नाही, कारण गेम न खेळणाऱ्या आणखी एकानेही वाऱ्याकडे लक्ष दिले नाही. तो मुलगा पुढे हंगामभर तिच्यासोबत पाणी आणि बॅटऱ्या सांभाळायला राहिला आणि आता स्वतः उडवतो. त्याच्याइतका सफाईदार हात आमच्याकडे दुसऱ्या कोणाचा नाही.

आपल्या पुतण्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३३ शल्यचिकित्सकांचे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील कौशल्य सरावाच्या कसरतींवर तपासले होते. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्यांच्या चुका ३७ टक्क्यांनी कमी भरल्या आणि त्यांचे काम २७ टक्क्यांनी लवकर झाले. परंतु त्या कामातही नजर पडद्यावर आणि हात दुसरीकडे अशीच स्थिती असते, शिवाय मुळात ज्यांचा हात चांगला तेच गेमकडे अधिक वळले असतील, हीही शक्यता उरते. उलट ‘नेचर’ नियतकालिकात २०१० साली आलेल्या एका मोठ्या प्रयोगात ११,४३० लोकांकडून सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ करून घेतले, तेव्हा जो खेळ खेळला त्यात माणसे तरबेज झाली, पण त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या कामातही त्या सरावाचा उपयोग झाल्याचे दिसले नाही. म्हणून ड्रोनच्या कांडीपुरता गेमचा फायदा मी मानतो, खताच्या हिशेबासाठी मानत नाही.

गेमला गुण देण्याविरुद्ध माझे सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. आमच्या गावांमध्ये बारावीपर्यंत स्वतःचा मोबाईल असतो तो मुलाकडे. मुलीला घरातला फोन मिळतो तो अभ्यासापुरता, तोही कोणाच्या तरी नजरेसमोर. रात्री पारावर चार पोरे एकत्र बसून खेळतात, त्यात मुलगी कुठून येणार? गेम ही पात्रता ठरवली, तर ज्यांना खेळायची मुभाच मिळाली नाही त्यांना आपण दाराबाहेर ठेवतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आमची मुलाखतीची पद्धत नुसत्या गप्पांची असती, तर ड्रोनवरची ती मुलगी आज आमच्याकडे नसती.

आता भागीदारांची भीती, म्हणजे गेमचे व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतला आहे आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान होत असूनही तो न थांबणे, असे साधारण बारा महिने चालावे लागते. संध्याकाळी तासभर खेळणाऱ्याला हे लावणे अन्याय आहे. रात्रभर जागून सकाळी काट्यावर पेंगणारा माणूस आपल्याला नको असेल, तर त्याची वेळेची सवय पाहावी. भजनाला जागला की गेमला, याने फरक पडत नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ मात्र निराळे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना बंदी आहे आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे, तेव्हा दोन्ही एका मापाने मोजू नयेत. तरी गल्ल्याची काळजी रोजच्या रोज रोकड मोजूनच घ्यावी. छंदाच्या रकान्यावरून प्रामाणिकपणा कळत नाही.

आपल्या उमेदवाराला एक दिवस काउंटरवर बसवावे आणि त्या दिवसाचा रोज द्यावा. ई-पॉस मशीनवर खताची नोंद करायला सांगावी. मग ओळखीचा एखादा शेतकरी बोंडअळीचे औषध मागायला पाठवावा आणि मुलगा डब्यावरच्या, विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग व वापराची मुदत पाहतो का, पंपाला किती मिली टाकायचे हे लेबल वाचून सांगतो का, हातमोजे आणि तोंडाला बांधायचे आहे का असे विचारतो का, आणि पक्क्या बिलावर बॅच क्रमांक लिहितो का, एवढे पाहावे.