झेंडू, पाव आणि आजीचा चहा

अगं,

तुझा मेसेज वाचला. सात महिने ॲपवर रोज स्पॅनिशचे वीस शब्द केलेस आणि परवा मेक्सिकोची क्लायंट कॉलवर आली तर तोंडातून ओला, म्हणजे हॅलो, सोडून काही फुटलं नाही. रडू नकोस, माझंही असंच झालं होतं, फरक एवढाच की तेव्हा ॲप नव्हतं, वही होती.

माझं ऐकशील तर यादी ठेव बाजूला आणि एक सण धर. दिआ दे मुएर्तोस, म्हणजे मेक्सिकोतला मृतांचा दिवस. 1 आणि 2 नोव्हेंबर, पहिला दिवस गेलेल्या लहान मुलांचा, त्यांना आन्हेलितोस म्हणतात, म्हणजे छोटे देवदूत, दुसरा मोठ्यांचा. घरात ओफ्रेंदा मांडतात, म्हणजे गेलेल्या माणसांसाठी सजवलेलं टेबल, आणि त्यावर जे जे ठेवतात तेच तुझे शब्द. ला फोतो म्हणजे फोटो, एल आगुआ म्हणजे पाणी, ला साल म्हणजे मीठ, लास वेलादोरास म्हणजे काचेच्या ग्लासातल्या मेणबत्त्या, एल पापेल पिकादो म्हणजे नक्षी कापलेला रंगीत कागद. पुल्लिंगाला एल की स्त्रीलिंगाला ला हे शब्दाबरोबरच पाठ कर, नंतर चिकटवायला गेलीस की गोंधळ होतो (आगुआ तर स्त्रीलिंगी असून एल घेतं, त्याला इलाज नाही).

फुलं म्हणशील तर सेम्पासूचिल, म्हणजे आपला झेंडू! खरं तर आपला कसला, तो मूळचा तिकडचाच, युरोपियन लोकांबरोबर इकडे आला आणि दसऱ्याच्या तोरणात जाऊन बसला. शब्द नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतला, सेम्पोआली म्हणजे वीस आणि शोचित्ल म्हणजे फूल. आणि पान दे मुएर्तो हा त्या दिवसांतला गोड ब्रेड, वर हाडांसारखे कणकेचे तुकडे लावलेले. पान ऐकून विड्याचं पान आठवू नकोस, आपला पाव पोर्तुगीज पांव वरून आला तो याचा चुलतभाऊ.

पण नुसत्या वस्तूंच्या नावांनी बोलता येत नाही, आणि माझी गाडी इथेच अडली होती. ओफ्रेंदासमोर लोक गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, त्याला काय आवडायचं, तो काय करायचा. आ मी आबुएला ले गुस्ताबा एल ते. आता हे इंग्रजीतून समजून घ्यायला गेलीस की डोकं फिरतं, मराठीतून बघ, माझ्या आजीला चहा आवडायचा. शब्दाला शब्द! आजीला मधला ला तिथे आ आणि ले होऊन बसलाय, आवडायचा म्हणजे गुस्ताबा. मे गुस्तान लास फ्लोरेस, मला फुलं आवडतात, फुलं अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी, अगदी आपल्यासारखं. तो पॅटर्न तुला लहानपणापासून येतोय आणि आपण कॉन्व्हेंटच्या सवयीने आधी इंग्रजीत वाक्य बनवून मग स्पॅनिशमध्ये नेतो, काय गरज आहे? प्यायची म्हणजे बेबिआ, एकदा प्यायली म्हणजे बेबिओ, हा करायचा आणि केला मधला फरक तुला कुणी शिकवायला लागत नाही.

एक सांभाळ. याला मेक्सिकोचं पितृपक्ष म्हणून मोकळी होऊ नकोस, आवडीचा पदार्थ वाढणं सारखं असलं तरी तिथला मूड वेगळा आहे. लोक मरणाची थट्टा करतात, जिवंत माणसांवर चिडवणाऱ्या कविता रचतात, त्यांना कालावेरितास म्हणतात. ती हॅटवाली सांगाड्याची बाई, कात्रीना, ती पोसादा या चित्रकाराची, साधारण 1910 च्या सुमाराची, आधी श्रीमंतीचा आव आणणाऱ्यांची टिंगल होती, नंतर 1947 मध्ये दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने आपल्या म्युरलमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या चित्रात, तिला पूर्ण उभी केली. हॅलोवीन तर अजिबात म्हणू नकोस. आणि स्मशानाला तिथे बरेचदा पांतेओन म्हणतात, मी पुस्तकातला सेमेंतेरिओ वापरला तर समोरची बाई समजली, पण हसली. आठवण येणं म्हणजे एक्स्त्रान्यार, स्पेनवाले एचार दे मेनोस म्हणतात, तुझी क्लायंट मेक्सिकोची आहे तर पहिलाच घे.

आता काम. तुझ्या आजोबांचा फोटो समोर ठेव आणि त्यांना काय आवडायचं, सकाळी काय करायचे, कुणावर ओरडायचे, अशी पाच वाक्यं बोलून व्हॉइस नोट पाठव. लिहून वाचू नकोस. चुका झाल्या तर होऊ देत, फक्त भाषांतराच्या ॲपला विचारू नकोस, मला लगेच कळतं.

तुझी ताई