मांजराच्या केसांतल्या जटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची पर्शियन मांजरी चार वर्षांची आहे. तिच्या कानांमागे आणि पुढच्या पायांच्या काखेत केसांच्या गाठी झाल्या आहेत. आंघोळ घातली तर सुटतील असं वाटलं, पण त्या उलट आवळल्या. आता कात्रीने कापाव्यात का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कात्री अजिबात नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ धरून ओढली की कातडीही तिच्यासोबत वर येते आणि पात्यांमध्ये तीच सापडते. वरून फक्त केस दिसत असल्याने कापणाऱ्याला पत्ता लागत नाही. टाके घालावे लागतील एवढी जखम यातून सहज होते.

आंघोळीने गाठी का आवळल्या? लांब केसांखाली मऊ, बारीक लव असते. ती गळते, पण खाली न पडता वरच्या केसांत अडकते. भिजून वाळली की धुतलेल्या लोकरीसारखी आटते. म्हणून आधी विंचरायचं, मग आंघोळ. एरवीही हाच क्रम.

बारीक दातांचा कंगवा गाठ आणि कातडी यांच्यामधून सरकतोय का ते आधी पाहा. सरकत असेल तर गाठ सुटेल. सुपारीएवढ्या गाठीला दोन चिमटी कॉर्नफ्लोअर बोटांनी चोळा, म्हणजे केस एकमेकांवरून घसरतात. मग डाव्या हाताच्या चिमटीत केस मुळाशी, कातडीच्या अगदी लगत धरा. ओढ बसली तरी ती तुमच्या बोटांवर बसेल, मांजरीच्या कातडीवर नाही. ही पकड जमली नाही तर बाकी सगळं व्यर्थ, कारण एकदा दुखलं की कंगवा दिसताच मांजरी कपाटाखाली जाईल. उजव्या हाताच्या बोटांनी गाठ फाकवून तिचे दोन-तीन भाग करा. मोठ्या दातांच्या स्टीलच्या कंगव्याने आधी शेवटचं अर्धा सेंटिमीटर टोक सोडवा, मग हळूहळू मुळाकडे या. मुळापासून सुरुवात केली तर सगळा गुंता टोकाला जाऊन घट्ट बसतो. एका बैठकीत एक-दोन गाठी आणि दोन-तीन मिनिटं, बस्स. शेपूट आपटायला लागली की थांबा. उरलेलं पीठ विंचरून काढा.

खोबरेल तेल लावू नका. त्याला धूळ चिकटते, मांजरी ते चाटते आणि मग पोट बिघडतं. टी ट्री तेल तर मांजरांना विषारी आहे.

कंगवा शिरतच नसेल तर ट्रिमर. १० नंबरचं पातं कातडीला समांतर, सपाट धरा, दुसऱ्या हाताने कातडी ताणून ठेवा आणि गाठीच्या खालून सरकवा. पातं तापतं, दर दोन मिनिटांनी मनगटाला लावून पाहा. काखेतली गाठ मात्र डॉक्टरांकडेच काढून घ्या, तिथे कातडीची घडी असते आणि ती हमखास पात्यात येते. गाठीखाली ओल, वास किंवा लाली असेल तरीही दवाखाना गाठा. पावसाळ्यात, विशेषतः शेपटीखाली, अशा ओलीत माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात.

प्रश्न : आमचा साधा देशी बोका १३ वर्षांचा आहे. केस आखूड, तरी कमरेवर गुठळ्या होतात. असं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : इथे कंगव्याआधी बोक्याकडे बघा. आखूड केसांच्या मांजराच्या कमरेवर गाठी होतात, याचा अर्थ बहुतेकदा जीभ तिथवर पोचत नाही. सांधेदुखी, लठ्ठपणा किंवा दुखऱ्या हिरड्या ही नेहमीची कारणं. मधुमेह, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे विकारही असू शकतात. ओट्यावर एका उडीत चढणारा बोका आता आधी स्टुलावर चढतो का? खाताना दाणे तोंडातून पडतात का? लाळ गळते का? पाणी जास्त पितो का? त्याच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात मांजर चालतच नाही. घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. तोवर मऊ ब्रश, रोज एखादं मिनिट.

प्रश्न : उन्हाळ्यात पर्शियन बोक्याला पूर्ण भादरलं तर गाठींची कटकट संपेल ना? – एक वाचक, नागपूर

उत्तर : काही महिन्यांपुरती. लांब केस पुन्हा पूर्ण यायला चार-सहा महिने लागतात, आणि उघड्या कातडीला ऊन लागतं. हिमालयन किंवा सयामी असेल तर आणखी एक गंमत : त्यांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो, त्यामुळे भादरलेल्या, गार पडलेल्या जागी नवे केस गडद येतात. पोट आणि शेपटीखालचा भाग आखूड ठेवला तरी पुष्कळ काम होतं. अंगभर जटांचं चिलखतच झालं असेल तर भादरणं भाग आहे, पण ते डॉक्टरांकडे, गुंगी देऊन. नंतर केस दोन सेंटिमीटर वाढले की कंगवा सुरू करा, आठवड्यातून तीनदा. नुसता स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा) वरवर फिरतो. वर रेशीम, खाली जट अशी फसगत होते. ब्रशनंतर कंगवा कातडीपर्यंत न अडता गेला, तरच विंचरून झालं म्हणायचं.