डोस शेवटी सांगतो

प्रिय डॉक्टर,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. 'सर, परवा खर्र्याची केस आहे, तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. अवेक फायबर ऑप्टिक ठरलंय. डेक्सचा डोस काय ठेवू?' म्हणजे जागं ठेवूनच, लवचिक दुर्बिणीने बघत श्वासनळीत नळी घालायची, आणि डेक्स म्हणजे गुंगी आणणारं डेक्समेडेटोमिडिन. डोस सांगतो, पण शेवटी. पेशंटचं वय-वजन कळवायच्या आधी तुला औषध आठवलं, यात तुझं काही चुकलं असं नाही. तुझ्या वयात मलाही आधी तेच आठवायचं.

चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात राहिलीस तर असे पेशंट जन्मभर येत राहतील. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, मात्र पानठेल्यावर पन्नीत घासून समोर हातात मिळतो. सुपारीने गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. हे पट्टे भूल दिली, स्नायू शिथिल केले, तरी सैल पडत नाहीत. 'झोपवलं की उघडेल तोंड' असं कोणी म्हणालं तर मान हलव आणि आपलं काम चालू ठेव. रस्ता नाकातूनच.

आता माझी गोष्ट. रेसिडेन्सी संपून दुसरं वर्ष, हॉस्पिटलचं नाव राहू दे. दाढेच्या संसर्गाने हनुवटीखालचा सगळा भाग लाकडासारखा घट्ट झालेला, लाळ गळतेय, माणूस आडवा होत नाही. लुडविग्ज अँजायना. घाईत घसा नीट बधिर केला नाही. स्कोप (ती दुर्बीण) नाकात गेला तसा तो हात झटकायला लागला. मी झोपेचं मिडाझोलाम १ मिलिग्रॅम दिलं. पुन्हा झटकला, पुन्हा १. मग वेदनाशामक फेंटानिल ५० मायक्रोग्रॅम. मग तो शांत झाला आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते. स्कोपमध्ये नुसता गुलाबी पडदा, कुठे काही उघडं दिसेना. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ७० टक्क्यांच्या घरात यायला फार वेळ लागला नाही. ईएनटीचे सर गाऊन घालून तयार उभे होते, म्हणून मानेतून रस्ता झाला आणि पेशंट वाचला. त्यांनी नंतर मला एकच विचारलं, 'तो झटकत होता तेव्हा सॅच्युरेशन किती होतं रे?' मला सांगता आलं नाही. मी मॉनिटरकडे पाहिलंच नव्हतं.

अशा पेशंटचा घसा त्याच्या जागेपणाने उघडा राहतो. जीभ, टाळू, घशाच्या भिंती यांना तो स्वतः ताण देऊन धरून असतो. झोप आली की तो ताण जातो, वाट मिटते, ऑक्सिजन उतरतो, आणि ऑक्सिजन उतरला की माणूस तळमळतो. ती तळमळ आपण भीती समजतो आणि आणखी झोप देतो. हा फेरा मी एकदा पुरा फिरून आलो आहे.

म्हणून पेशंट हलला की औषधाच्या सिरिंजकडे हात जाण्याआधी क्रमाने बघ. सॅच्युरेशन आणि श्वास. मग घसा खरंच बधिर आहे का. मग काही साधं: लघवी लागली आहे, मान अवघडली आहे, सलाइनची सुई दुखते आहे. हे सगळं नाही म्हटल्यावर उरते ती भीती, आणि तिच्यावर आधी आवाज, मग औषध.

ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१९ मध्ये अवेक इंट्युबेशनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सेडेशन (गुंगी), टॉपिकलायझेशन (घसा बधिर करणं), ऑक्सिजनेशन, परफॉर्मन्स (प्रत्यक्ष नळी घालणं) यांच्या आद्याक्षरांचं त्यांचं सूत्र आहे 'स्टॉप'. त्यातला सेडेशनचा एस मुद्दाम स्मॉल अक्षरात छापलाय, कारण ते ऐच्छिक आहे. बाकीची तीन अक्षरं कॅपिटल.

तेव्हा तुझा अर्धा वेळ बधिरीकरणात जाऊ दे. अर्धा-पाऊण तास आधी लाळ सुकवणारं ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम स्नायूत दे. लाळ असली तर बधिर करणारं लिग्नोकेन वाहून जातं, घशाला लागतच नाही. दोन्ही नाकपुड्यांत नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब. लिग्नोकेनची कमाल मर्यादा दर किलोला ९ मिलिग्रॅम, तीही चरबी वगळून धरलेल्या वजनावर. पेशंट ५० किलोचा सडपातळ धरला तर ४५०. ४ टक्क्याचं ४ मिली नेब्युलायझरमधून, म्हणजे १६०. नाकात २ टक्के जेली ३ मिली, ६०. गळ्यावरच्या क्रिकोथायरॉइड पडद्यातून श्वासनळीत ४ टक्क्याचं २ मिली, ८०. स्कोपमधून स्वरतंतूंच्या वर-खाली मिळून आणखी २ मिली, ८०. झाले ३८०. हा हिशेब मायक्रोपोरच्या पट्टीवर लिहून ट्रॉलीला चिकटव, डोक्यात ठेवू नकोस, कारण मधेच कोणीतरी मदत म्हणून १० टक्क्याचा स्प्रे मारतो आणि प्रत्येक फवाऱ्यात १० मिलिग्रॅम असतात. लिग्नोकेन जास्त झाल्याची खूण म्हणून पुस्तकात ओठ-जिभेला मुंग्या येणं दिलं आहे. इथे तोंड आपणच बधिर केलेलं, म्हणून 'कानात आवाज येतोय का काका?' असं विचार. त्यावरचा उतारा, लिपिड इमल्शन, कुठल्या कपाटात आहे ते आदल्या दिवशी बघून ठेव.

पडद्यातून सुई घालताना सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे आले की औषध सोड आणि लगेच सुई बाहेर. तो जोरात खोकेल. खोकल्यानेच औषध वर-खाली पसरतं, पण हे त्याला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. सगळं झाल्यावर जेली लावलेला नेझल एअरवे (नाकातली मऊ नळी) हळूच सरकव. शांतपणे घेतला तर तू तयार आहेस. तोंड वाकडं केलं तर पाच मिनिटं थांब. सर्जन घड्याळाकडे बघतील, बघू देत.

आदल्या संध्याकाळी वॉर्डात जा, खुर्ची ओढून बस. 'काका, तोंड उघडत नाही म्हणून तुम्हाला जागं ठेवूनच नळी घालणार. घसा सुन्न करू, दुखणार नाही, पण गिळता येत नाहीये असं वाटेल. श्वास मात्र चालू राहील. त्रास झाला तर हात वर करा, मी थांबेन.' आणि हात वर झाला की खरोखर थांब. एवढ्या बोलण्यावर मी कितीतरी केसेस औषधाविना केल्या आहेत.

आता तुझा डोस. डेक्समेडेटोमिडिन २०० मायक्रोग्रॅम ५० मिलीत, म्हणजे मिलीला ४. लोडिंग, म्हणजे सुरुवातीचा डोस, दर किलोला ०.५ ते १ मायक्रोग्रॅम. अशा केसला मी ०.५ च घेतो. ५० किलोला २५ मायक्रोग्रॅम, सव्वासहा मिली, दहा मिनिटांत. पुढे दर किलोला तासाला ०.३ ते ०.६. घाईने दिलंस तर नाडी ४० वर येईल आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे जाईल. नाडी मंद करणारं बीटा ब्लॉकर चालू आहे का, ते संध्याकाळीच विचारून घे. हे औषध एकटं असताना श्वास फारसा दाबत नाही, पण त्यावर 'थोडंसं मिडाझ' पडलं की ती सवलत संपली. थोडंसं हे माप नव्हे. नाव घेतल्यावर डोळे उघडून उत्तर आलं पाहिजे, त्याहून खोल नको. आणि पंप दुसऱ्या डॉक्टरच्या हातात दे. स्कोपच्या भिंगात डोळा असलेल्या माणसाने सेडेशन चालवू नये.

नाकातून ऑक्सिजन पहिल्यापासून, हाय फ्लो असेल तर उत्तमच. पेशंटला बसतं कर, तू समोर उभी राहा. कॅरिना (श्वासनळी दुभंगते ती जागा) दिसली, नळी सरकवली, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर तरंग आले, दोन्ही खुणा मिळाल्या, मगच पूर्ण भूल देणारं प्रोपोफॉल. तीन प्रयत्नांत नाही जमलं तर मला किंवा ज्येष्ठ कोणाला हाक मार, चौथा आमचा. ईएनटीची व्यक्ती ओटीत हवी, फोनवर नको.

ऑपरेशन संपल्यावरही तोंड बहुधा सहज उघडणार नाही, आणि सूज नव्याने आलेली असेल. सर्जनने पट्टे कापले असले तरी त्यावर भिस्त ठेवू नकोस. पूर्ण जागा होऊन, सांगितल्यावर मान उचलून धरली, की मगच नळी काढ. शंका आली तर रात्रभर नळीसकट आयसीयूत ठेव.

पेशंटचं वजन तेवढं कळव. माझं सगळं गणित ५० किलो धरून आहे.

तुझा,
सर